आरक्षण पडलंय, डीपी रोड जातोय, आता काय? विकास आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतल्या लोकांना हरकती लिहून देणं हा माझा बिनपगारी उद्योग झालाय. फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "अहो, जेसीबी येऊन उभा राहिलाय." तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. जेसीबी येण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी दहा-पंधरा वर्षं आधी, ती रेघ नकाशावर ओढली गेलेली असते आणि तेव्हा हरकती मागवणारी जाहिरात पेपरात येऊनही गेलेली असते. पुढचे प्रश्न लोकांनी खरोखर विचारलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरांपुरती आहेत, कारण दुसऱ्या राज्यांत कायदा वेगळा.

डीपी, डीपी म्हणतात तो नक्की काय असतो?

विकास आराखडा. शहरातली कुठली जमीन पुढची वीसेक वर्षं कशासाठी वापरायची, हे ठरवणारा कायदेशीर नकाशा आणि त्याच्यासोबतचा अहवाल. त्याचा आधार १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, म्हणजे सगळे ज्याला एमआरटीपी म्हणतात तो. निदान वीस वर्षांतून एकदा आराखड्याची फेरतपासणी व्हावी, असं याच कायद्याचं ३८ वं कलम सांगतं. प्रत्यक्षात उशीर होतोच.

नकाशात तीन गोष्टी बघायच्या. पहिली झोन: निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती, ना-विकास. दुसरी आरक्षणं: अमुक तुकडा शाळेसाठी, तमुक उद्यानासाठी, एखादा अग्निशमन केंद्रासाठी. आरक्षण खाजगी जमिनीवरही पडतं, हे अनेकांना जागा विकायला काढल्यावरच कळतं. तिसरी रस्ते. आज तुमच्या दारातून जाणारी सहा मीटरची बोळ नकाशात बारा मीटरची असू शकते. बांधकाम किती आणि किती उंच, हे नकाशात नसतं, ते नियमावलीत असतं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांसाठी डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली आहे, यूडीसीपीआर. मुंबईची वेगळी.

आमच्या जागेवर काय दाखवलंय ते कुठे कळेल?

आधी जागेचा नंबर शोधा. गावठाणाबाहेरची जमीन असेल तर सर्व्हे किंवा गट नंबर सात-बारावर मिळतो. शहरी भागात सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सीटीएस नंबर, प्रॉपर्टी कार्डावर असतो. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींच्या कपाटातल्या खरेदीखतात तो नक्की सापडेल. नंबर हातात नसताना नगररचना विभागात गेलात तर "नंबर घेऊन या" एवढंच ऐकून परत याल.

मग महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. फी भरून मिळतो. बहुतेक मोठ्या शहरांचे नकाशे संकेतस्थळावरही आहेत, पण तिथली पीडीएफ मोठी केली की रेघा फुटतात आणि पिवळा कुठे संपून हिरवा कुठे सुरू झाला तेच समजत नाही. वाद असेल तर सही-शिक्क्याचा भाग नकाशाच चालतो, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नाही.

आराखडा कोण ठरवतं, आणि त्यात आमचा नंबर कधी लागतो?

क्रम साधारण असा. महापालिका आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). नगररचना अधिकारी सर्वेक्षण करून आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा बनवतो (कलम २५). हा विद्यमान भूवापर नकाशा. त्यावरून प्रारूप आराखडा, म्हणजे मसुदा, बनतो, तो कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. मग नियोजन समिती सुनावणी घेते (कलम २८), महापालिका बदल करते, आराखडा सरकारकडे जातो (कलम ३०) आणि सरकार मंजुरी देतं (कलम ३१).

कायद्याने लोकांना बोलावलेलं असतं ते मुख्यतः २३ आणि २६ च्या वेळी. २३ च्या नोटिशीला कोणी फिरकत नाही, कारण तेव्हा नकाशाच नसतो. "आमच्याकडे दवाखाना नाही, भाजी रस्त्यावर बसते, शाळेला मैदान नाही" हे लेखी सांगायची खरी वेळ तीच. एकदा प्रारूप छापलं गेलं की प्रत्येक बदलासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवरची रेघ हलवावी लागते, आणि तो दुसराही हरकत घेऊन उभाच असतो.

विद्यमान भूवापर नकाशाला तुम्ही एवढं महत्त्व का देता? त्यावर तर हरकतही मागवत नाहीत.

म्हणूनच. या टप्प्याला हरकती मागवण्याची कायद्यात सक्ती नाही, त्यामुळे तो चुपचाप होऊन जातो आणि पुढचा सगळा आराखडा त्याच्यावर उभा राहतो.

आमच्याच भागातलं सांगतो. एका जागेवर तीस वर्षं पोरं क्रिकेट खेळत आली. गणपतीचा मांडव तिथेच, लग्नाच्या पंगती तिथेच, सकाळी म्हाताऱ्यांच्या चार फेऱ्या तिथेच. सर्वेक्षणवाले आले ते भर दुपारी. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. नकाशात नोंद झाली: रिकामी जागा. मैदान म्हणून नोंद असती तर प्रारूपात ते मैदानच राहण्याची शक्यता होती. रिकाम्या जागेवर काहीही टाकता येतं, आणि टाकलंच.

मुंबईत २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी असा नकाशा तयार झाला तेव्हा महापालिकेने तो लोकांपुढे ठेवला आणि नागरिकांच्या संस्थांनी त्यातल्या ढीगभर चुका दाखवून दिल्या. तुमच्या शहरात इरादा जाहीर झाल्याची बातमी दिसली की थांबू नका. चार-पाच जण मिळून आपल्या वॉर्डात फिरा. शाळा, विहीर, ओढा, मंदिर-मशीद, बसथांबा, आठवडी बाजार, जुनी झाडं, जे आहे ते नंबरासकट लिहा, फोटो काढा आणि नगररचना अधिकाऱ्याला लेखी द्या. आवक शिक्का घ्यायला विसरू नका. त्याने वाचलं नाही तरी पुढच्या सुनावणीत "आम्ही आधीच कळवलं होतं" म्हणायला कागद हातात राहतो.

ओढ्यांचं तर आवर्जून बघा. पावसाळ्यात चार महिने वाहणारा ओढा उन्हाळ्यातल्या सर्वेक्षणात गटार होतो, आणि गटारावरून रस्ता सहज जातो.

हरकत कोण घेऊ शकतं? मी भाडेकरू आहे.

कोणीही. जागा नावावर असायला हवी, मंडळ नोंदणीकृत असायला हवं, असलं काही नाही. भाडेकरू, झोपडपट्टीत राहणारे, फेरीवाले, त्या शाळेत मूल शिकत असलेला पालक, सगळे घेऊ शकतात. ऑफिसातला कोणी "तुमचा काय संबंध?" म्हणालाच तर भांडत बसू नका, आवक-जावक खिडकीवर अर्ज द्या आणि पोच घ्या.

मालकी नसलेल्यांचं म्हणणं आराखड्यात शिरतं का? शिरतं. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याच्या वेळी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या गटांनी आणि महिला संघटनांनी लावून धरल्यामुळे नोकरदार स्त्रियांसाठीची घरं, पाळणाघरं, आधार केंद्रं (आधार कार्डाची नव्हेत, मदतीची) यांसारख्या गोष्टींना आराखड्यात स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या आराखड्यांत अशी आरक्षणं कोणाच्या डोक्यातही नव्हती.

हरकत लिहायची कशी? नमुना द्या.

नमुना देतो, पण आधी एक नेहमीची चूक. आपल्याकडे हरकतीचा अर्ज म्हणजे निवेदन, आणि निवेदन म्हणजे "सदर आरक्षणामुळे नागरिकांमध्ये तीव्र असंतोष पसरला असून" अशी समजूत आहे. असंतोषाला सर्व्हे नंबर नसतो. समितीपुढे हजारो अर्ज असतात, आणि तुमच्या कागदावर नजर टाकणाऱ्याला पहिल्या चार ओळींत तीन गोष्टी दिसायला हव्यात: कुठली जागा, नकाशात काय दाखवलंय, त्याऐवजी काय हवं. कारण त्यानंतर.

आमच्या गल्लीच्या हरकतीचा गाभा असा होता, नंबर तेवढे गाळतो:

"प्रारूप आराखड्यात सर्व्हे नंबर अमुक ते तमुक यांमधून १२ मीटर रुंदीचा रस्ता दर्शवला आहे. या रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी नऊ ठिकाणी मोजली असता ती ६.१ ते ७.४ मीटर भरते (मोजमापाचा तक्ता व फोटो सोबत). रुंदी १२ मीटर केल्यास दोन्ही बाजूंची १९ घरं अंशतः किंवा पूर्ण जातात. समांतर रस्ता ८० मीटरवर असून तो आधीच १८ मीटरचा आहे. तरी हा रस्ता ९ मीटर दर्शवावा."

बस्स. मोजमाप आमच्या जोशीकाकांनी केलं. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले, घरी लोखंडी टेप होताच. एका टोकाला त्यांचा नातू, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये काकू वहीत आकडे लिहितायत आणि प्रत्येक आकडा मोठ्यांदा दोनदा म्हणून घेतायत. ग्राफ पेपरवर काकांनी गल्ली काढली, घरं पेन्सिलीने भरली. सुनावणीत सगळ्यात जास्त वेळ बघितला गेला तो हाच कागद.

"रद्द करा" एवढंच लिहू नका. दुसरा पर्याय द्या. त्या पर्यायात गैरसोय कोणाची होते हेही लिहा, कारण ते तुम्ही लपवलंत तरी समोरचा काढणारच. आणि हो, हरकतीसोबत सूचनाही देता येते हे लोक विसरतात. एखादं आरक्षण तुम्हाला पटलं असेल तर तसंही लिहून द्या. उद्यानाच्या बाजूने एकही कागद नाही आणि ते उठवावं म्हणून मालकाचा एक कागद आहे, अशा वेळी समितीने काय करावं?

सगळ्या सोसायटीने एकाच मजकुराचे पाचशे अर्ज दिले तर वजन पडेल ना?

आकडा पडतो. वजन पडेलच असं नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती-सूचनांचा आकडा ८७ हजारांच्या घरात गेला. एवढ्या ढिगात छापील मजकुराचे गठ्ठे एकत्र बांधले जातात आणि त्यांची सुनावणीही एकगठ्ठा होते.

पण गठ्ठ्याचा उपयोग अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. त्याच काळात पुण्याच्या हद्दीत १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी, राहावं म्हणून नागरिकांनी सह्यांच्या मोहिमा काढल्या. बांधकामाच्या बाजूनेही दबाव मोठा होता. शेवटी २०१५ मध्ये सरकारने ९७८ हेक्टरवर बीडीपीचं आरक्षण कायम केलं. तिथे प्रश्न सगळ्या शहराचा होता, म्हणून संख्या बोलली. गल्लीच्या रस्त्याचा प्रश्न असेल तर पाचशे झेरॉक्सपेक्षा मोजमाप असलेले पाच अर्ज बरे. आमचा बेत नेहमी असा: एक सविस्तर हरकत सगळ्यांच्या सह्यांची, आणि ज्यांचं घर, दुकान, विहीर थेट जातंय त्यांची प्रत्येकी वेगळी, आपापल्या शब्दांत.

मुदत किती असते?

नोटिशीत छापलेली असते, तीच खरी. कुठे ३० दिवस मिळालेत, कुठे ६०. नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते, सहसा आतल्या पानावर, टेंडर नोटिशींच्या शेजारी. आमच्या सोसायटीत एका आजोबांकडे रोज ते पान वाचायचं काम दिलंय. त्यांना पेपर फुकट मिळतो, आम्हाला नोटीस.

सुनावणीत काय होतं? वकील न्यावा का?

वकील लागत नाही. नेलात तर चालतो, पण जागा पायाखालची असलेला माणूस जास्त नीट बोलतो.

महापालिकेच्या आराखड्यासाठी नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. एक मोठी खोली, बाहेर बाकांवर टोकन घेऊन बसलेली माणसं, भिंतीवर ताणून लावलेला नकाशा, त्याची एक कड पंख्याच्या वाऱ्याने सारखी फडफडत असते. पुकारा झाला की आत जायचं. तीन-चार मिनिटं मिळतात. आमच्या आधीच्या गृहस्थांनी पहिली दोन मिनिटं आपल्या घराण्याने शहरासाठी काय काय केलं ते सांगण्यात घालवली, आणि मुद्द्यावर आले तेव्हा पुढच्याचा पुकारा झाला होता.

आम्ही जोशीकाकांना पुढे केलं. ते आत गेले, नमस्कार केला आणि सरळ भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन बोट ठेवलं: "साहेब, ही आमची गल्ली." मग ग्राफ पेपर टेबलावर पसरला. एका सदस्याने पेन्सिलीने दोन ठिकाणी गोल केले आणि विचारलं, "हे समांतर रस्त्याचं अंतर कुठून घेतलंत?" काका म्हणाले, "चालत मोजलं, आणि मग तुमच्याच नकाशावर पट्टी लावून." खोलीत कोणीतरी हसलं. अंतिम आराखड्यात रस्ता ९ मीटरचा झाला. १९ घरांपैकी चार तरीही थोडी थोडी जातात. त्या चारही घरांतली माणसं आमच्याशी अजून नीट बोलत नाहीत. हेही सांगायला हवं.

जाताना सोबत घ्या: हरकतीची पोच, भाग नकाशा, फोटोंच्या छापील प्रती. फोन पुढे करून फोटो दाखवू नका, त्या फोनवर नेमका तेव्हाच कोणाचा तरी कॉल येतो.

सुनावणी झाली. आता नुसती वाट बघायची?

नाही, इथेच लोक झोपतात. समितीचा अहवाल महापालिकेकडे जातो, तिथे बदल होतात. तो बदललेला आराखडा मागून घ्या आणि आपल्या जागेवर काय झालं ते बघा. पुढे सरकारही बदल करू शकतं. बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर तेवढा भाग वगळून बाकीचा आराखडा मंजूर होतो आणि वगळलेल्या भागासाठी पुन्हा हरकती मागवल्या जातात. याला ईपी म्हणतात, एक्सक्लूडेड पार्ट. तुमचं मैदान ईपीत गेलं असेल तर सगळी उठाठेव परत. पेपरात मथळा मात्र "आराखडा मंजूर" असाच येतो.

आणि कधी कधी सगळंच उलटं फिरतं. पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर नियोजन समितीतच फूट पडली, लोकप्रतिनिधी आणि तज्ज्ञ यांचे अहवाल वेगवेगळे गेले. २०१५ मध्ये सरकारने आराखडा महापालिकेकडून स्वतःच्या हातात घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. मुंबईत फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून आणायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, मंजुरी मे २०१८ मध्ये. म्हणजे तुमची फाइल चार-पाच वर्षं सांभाळायची तयारी ठेवा. फाइल एकाच माणसाकडे ठेवू नका. माणसं बदलतात, घर विकून जातात.

आराखडा मंजूर झाला म्हणजे वीस वर्षं निश्चिंत?

मुळीच नाही. मंजुरीनंतरच्या मागच्या दारांबद्दल कोणी फारसं सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक, कलम ३७ चा फेरबदल. आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणारा बदल या वाटेने करता येतो. म्हणजे सोप्या भाषेत, एखाद्या प्लॉटवरचं आरक्षण बदलणं, सरकवणं किंवा उठवणं. यालाही नोटीस लागते, हरकतींसाठी महिनाभर मिळतो आणि सुनावणी होते. पण इथे अख्खं शहर जागं नसतं. एका प्लॉटची दोन इंचांची नोटीस असते आणि ती वाचणारा एकटा मालक असतो, कारण ती त्याच्यासाठीच निघालेली असते. माझ्या मते शहरातली जास्तीत जास्त मोकळी जागा अशी दोन-दोन इंचांनी जाते.

दोन, कलम १२७. आरक्षण टाकून दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी खरीखुरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. नुसता प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्येच सांगितलंय. मालकाची बाजूही समजून घ्या. त्याची जमीन पंधरा-पंधरा वर्षं अडकून पडते, ना विकता येते ना बांधता येते. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. राग काढायचा तो चोवीस महिने नोटीस टेबलावर ठेवून बसणाऱ्यावर. तुमच्या भागातल्या मैदानांच्या आणि शाळांच्या आरक्षणांवर १२७ च्या किती नोटिसा आल्या आहेत, हे दर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारत राहा. दहा रुपयांचं काम आहे.

तीन, रस्तारेषा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली महापालिका डीपीला हात न लावता रस्त्याची नवी रेषा ठरवू शकते. त्याचीही जाहीर नोटीस निघते. सोसायट्यांना ती दिसते ती पुनर्विकासाच्या वेळी, आर्किटेक्टने सांगितल्यावर.

शेजारच्या प्लॉटवर टॉवर येतोय. आम्ही थांबवू शकतो का?

टॉवर नियमात बसत असेल तर नाही. आपल्याकडे बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्यांची संमती लागत नाही आणि परवानगी नाकारली गेली तर अपील करायचा अधिकारही अर्जदाराचा असतो, तुमचा नाही. ऊन अडतं, गाडी लावायला जागा राहत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या नियमावली ठरताना मांडायच्या होत्या.

नियमात बसत नसेल तर मात्र करण्यासारखं बरंच आहे. मंजूर नकाशा मागवा. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, बघा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर यूडीसीपीआरप्रमाणे दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कुठे दाखवलीय आणि तिथे प्रत्यक्षात काय चाललंय ते जाऊन पाहा. जनरेटर, वॉचमनची खोली आणि सेल्स ऑफिस ही त्या दहा टक्क्यांतली नेहमीची बिऱ्हाडं. नकाशाबाहेर काम दिसलं तर एमआरटीपीच्या ५३ व्या कलमाखाली नोटीस काढता येते. तक्रारीत "अनधिकृत बांधकाम सुरू आहे" एवढंच लिहू नका, मंजूर नकाशातली रेघ आणि जागेवरची भिंत यांतलं अंतर लिहा.

फाइल बघायला मिळते का?

मिळते. माहितीचा अधिकार तर आहेच, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्याशिवाय राज्यात २०१८ पासून जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक कार्यालयांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. काही ठिकाणी "साहेब रजेवर आहेत" ऐकाल. पुढच्या सोमवारी परत जा. तिसऱ्या सोमवारी लोक ओळखायला लागतात आणि खुर्ची देतात.

पूररेषेचं काय? आमची सोसायटी नदीकाठी आहे.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळ्याच्या आत बांधकामाला जवळपास मज्जाव, दोन्हींच्या मध्ये अटींवर. रेषा ठरवतं जलसंपदा खातं, महापालिका ती फक्त नकाशात उचलते. म्हणून रेषेबद्दलची हरकत दोन्हीकडे द्या, आणि तुमच्या इमारतीच्या भिंतीवर २०१९ च्या किंवा आधीच्या पुराच्या पाण्याची खूण असेल तर तिच्यावर रंग देऊ नका. फुटपट्टी लावून फोटो काढा.

आम्हाला कचरा हस्तांतरण केंद्र नको, स्मशानभूमी नको. हरकत लिहून द्याल?

हा फोन आला की मी आधी एक प्रश्न विचारतो: मग कुठे? "कुठेही, पण इथे नको" असं उत्तर आलं तर मी लिहून देत नाही. लोक चिडतात. असं केंद्र शेवटी जाऊन पडतं ते ज्या वस्तीत हरकत लिहिणारं कोणी नाही तिथे, आणि त्या वस्तीतल्याच बाया तुमच्या घरी कामाला येतात. अंतर, वाऱ्याची दिशा, गाड्यांचा रस्ता, शाळेच्या सुटण्याची वेळ यांवर मुद्दे असतील तर जरूर बसू या. जागा अयोग्य असेल तर ते मोजून दाखवता येतं.

नगरसेवकाला भेटून काम होईल ना? ही सगळी कागदपत्रं कशाला?

भेटाच. सभागृहात मत त्याचं आहे, आणि चांगला नगरसेवक असेल तर अर्धं काम होतं. पण तोंडी आश्वासन फाइलला लागत नाही. शिवाय २०२२ पासून बरीच वर्षं राज्यातल्या अनेक महापालिकांमध्ये नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात कागद असलेल्यांचं थोडंफार चाललं.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय बाराव्या परिशिष्टात पहिल्याच क्रमांकावर ठेवला आणि प्रभाग समित्या आणल्या. आपल्या कायद्यात प्रभाग समितीवर नागरी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे, आणि २००९ मध्ये क्षेत्रसभेचीही तरतूद आली, म्हणजे मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची ग्रामसभेसारखी बैठक. क्षेत्रसभा मी अजून एकही पाहिलेली नाही. प्रभाग समितीत कोण आहे ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा, कलम ३७ चे प्रस्ताव तिथे आधी कानावर येतात.

मुदत संपून गेली आणि आम्हाला आज कळलं. आता?

तरीही आज अर्ज द्या. उशिरा आलेली हरकत विचारात घ्यायला कोणी बांधील नाही, पण आराखडा अजून सरकारकडे गेला नसेल तर नियोजन समितीकडे तो ठेवला जाऊ शकतो. सरकारकडे गेला असेल तर एक प्रत नगरविकास विभागाला पाठवा आणि तुमचा भाग ईपीत आहे का ते विचारा. ज्यांनी मुदतीत हरकत घेतली त्या शेजारच्या सोसायटीला शोधा. त्यांची सुनावणी अजून व्हायची असेल तर त्यांच्यासोबत आत जा, त्यांच्या तीन मिनिटांतलं एक मिनिट मागून घ्या. मंजुरी होऊनही गेली असेल तर तारीख लिहून ठेवा. दहा वर्षांचा हिशेब त्या तारखेपासून सुरू होतो.